कापायचं काय, राखायचं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



मी बसलो आहे त्या स्टुडिओत समोर जाड काच आहे आणि काचेच्या वर एक लाल दिवा लागलेला आहे. तो लागला म्हणजे आपलं बोलणं टिपलं जातंय, हे इथं येणाऱ्याला आधीच सांगतात. खोकायचं असेल तर अगोदर खोकून घ्या, कागद वाजवू नका, असंही सांगतात. गेली तीस वर्षं मी अधूनमधून कविता वाचायला अशा खोल्यांत येतो. पण त्या लाल दिव्याचं मोल मला फार उशिरा कळलं. ते कसं कळलं, ते आज सांगणार आहे.

मला विषय दिला गेला तो असा : आवाज टिपून झाला, पुढं काय? आजकाल पॉडकास्ट नावाचा प्रकार घरोघरी पोचला आहे. आपल्या सवडीनं, फोनवर, भाकरी थापता थापता किंवा एसटीत बसून ऐकायचा कार्यक्रम. हा शब्द 2004 साली एका इंग्रज पत्रकारानं वापरला. आयपॉड हे यंत्र आणि ब्रॉडकास्ट हा शब्द यांची त्यानं मोट बांधली. आयपॉड 2022 साली बनायचा बंद झाला, शब्द मात्र राहिला. पॉडकास्ट करणाऱ्यांचं खरं काम बोलणं संपल्यावर सुरू होतं. ते काटछाट करतात, आवाज स्वच्छ करतात, तुकडे जुळवतात, नाव देतात, साठवतात. त्याला ते पोस्ट-प्रॉडक्शन म्हणतात. लग्नाचा मांडव उतरल्यावर भांडी मोजायचं, सतरंज्या झटकायचं काम असतं ना, तसं हे. वरातीत कुणी त्याच्याकडं बघत नाही, पण एक तांब्या हरवला की सगळ्यांना आठवतं.

हे काम मी शिकलो माझ्या धाकट्या मुलीकडून, आणि शिकलो माझ्या आईच्या आवाजावर.

आम्ही मणेर. बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा. माझे अब्बा लवकर गेले आणि अम्मानं डोक्यावर पेटी घेतली. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या आसपासची पंधरा-वीस गावं ती पायी आणि एसटीनं फिरायची. संक्रांत, नागपंचमी, लग्नसराई हे तिचे दिवस. मोबदला कधी पैसे, कधी ज्वारी, कधी नुसतं ताक आणि ‘पुढच्या खेपेला देते’. तिला अक्षर येत नव्हतं. तिच्या त्या पेटीवर मी बी.ए. झालो.

1994 साली बी.ए. होऊन मी घरी बसलो होतो आणि कविता करत होतो. मामांनी कुवेतहून एक टेपरेकॉर्डर आणला होता. त्याच्या आतच माइक होता. ‘प्ले’ आणि ‘रेकॉर्ड’ ही दोन बटणं एकदम दाबली की एक लाल ठिपका पेटायचा आणि टिपणं सुरू व्हायचं. कुणीतरी मला सांगितलं होतं, की कवीनं लोकांची भाषा गोळा करावी. मला वाटलं, ती तर घरातच आहे. मी नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटी आणल्या. आमच्या गल्लीतल्या एक बाई दारात बांगड्या भरायला बसल्या होत्या, तेव्हा मी टेप ओट्यावर ठेवला आणि बटणं दाबली. त्या बाई उठून गेल्यावरही अम्मा बोलत राहिली, मी विचारत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुसरी कॅसेट भरली.

त्या दोन कॅसेटींचं पुढं मी काय केलं? काहीच नाही. एका खोक्यात टाकल्या. वर नाव घातलं नाही, तारीख घातली नाही. कॅसेटच्या पाठीवर, कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे दात असतात. ते मोडून टाकले की त्या कॅसेटवर पुन्हा काही टिपता येत नाही, रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. एका नखाचं काम. ते मी केलं नाही. 1997 साली एका कविसंमेलनात मला पहिल्यांदा मंचावर बोलावलं. जाताना घाईत खोक्यातून एक कॅसेट उचलली आणि मित्राच्या हातात दिली, माझी कविता टिपून घे म्हणून. त्यानं टिपली. कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची. 41 मिनिटं संमेलन, टाळ्या, माझी कविता. आणि मग खट्ट असा आवाज होऊन शेवटची चार मिनिटं अम्मा. ती म्हणते, ‘अरे, दूध उतू जाईल. बाकीचं उद्या.’ त्या बाजूवर अम्माचं एवढंच उरलं.

हे मला कळलं 2009 साली, ती गेल्यानंतर महिन्याभरानं. माझ्या आईचा आवाज माझ्याच कवितेनं पुसला होता. ती कविता मी नंतर कुठंही छापली नाही.

म्हणून श्रोतेहो, मागच्या कामाचा पहिला नियम मी सांगतो तो अगदी साधा आहे. टिपलेल्या गोष्टीला लगेच नाव द्या. कोण बोललं, कुठं, कधी, कशाबद्दल. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ग्रामोफोन कंपनीनं टिपलं. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर गाणं संपता संपता त्या ठसक्यात इंग्रजीत आपलं नाव सांगतात. मुद्रिका दाबून तयार व्हायच्या त्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही रीत पडली, असं सांगतात. आज आपण ते ऐकून हसतो. पण सव्वाशे वर्षं होत आली तरी त्या आवाजाला नाव आहे. माझ्या कॅसेटीला तीन वर्षांत नाव उरलं नव्हतं.

उरलेली कॅसेट मी कपाटात कुलूप लावून ठेवली. ऐकायचीही हिंमत होत नव्हती. 2023 साली माझी धाकटी मुलगी म्हणाली, ‘अब्बा, दादीची कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊ या. फीत जुनी झाली, किती दिवस राहील?’ तिचं खरं होतं. फितीवर लोहभस्माचा पातळ थर असतो, त्यातच आवाज असतो. आणि तो थर काळानं सुटत जातो. चिकटलेली, वळ्या पडलेली फीत यंत्रात अडकली तर आहे तेही जातं.

मग आम्ही एक जुना पण चालता टेप मिळवला. त्याचं हेड स्पिरिटनं पुसलं. कॅसेट आधी एकदा पुढं आणि एकदा मागं अशी पूर्ण गुंडाळून घेतली, म्हणजे फीत मोकळी होते. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढून कॉम्प्युटरला जोडली. ऑडॅसिटी नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, 2000 सालापासून फुकट मिळतं, त्यात आवाज उतरवला. एका बाजूचे 45 मिनिटं कॉम्प्युटरवर घ्यायला 45 मिनिटंच लागतात. तिथं घाई नसते. आम्ही दोघं काही न बोलता बसून होतो. अम्मा बोलत होती, पडद्यावर तिच्या आवाजाचे डोंगर उमटत होते. माझ्या बायकोनं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

मुलीनं ती फाइल वेव्ह या प्रकारात ठेवली. त्यात आवाज दाबला जात नाही, म्हणून ती मोठी होते. एका बाजूची जवळजवळ 240 एमबी. लोकांना ऐकवायची एमपी-थ्री याच्या दहाव्या हिश्शाहून लहान होते, 20-22 एमबी. पण मूळ फाइल मोठीच ठेवायची, तिला हात लावायचा नाही आणि सगळी कापाकापी तिच्या नकलेवर करायची. हा दुसरा नियम. नक्कल चुकली तर पुन्हा करता येते.

आणि मग कापाकापी सुरू झाली.

सुरुवातीला आमच्या दोघांचाही उत्साह फार. मुलीनं आधी आवाज ‘स्वच्छ’ केला. त्याची रीत अशी : जिथं कुणी बोलत नाही असा एखाद-दोन सेकंदांचा तुकडा यंत्राला दाखवायचा आणि म्हणायचं, हा कचरा आहे, हा सगळीकडून काढून टाक. कॅसेटीची सरसर, पंख्याची घरघर अशी निघून जाते. पण आमच्या त्या तुकड्यात बांगड्यांची किणकिणही होती. काचेचा बारीक आवाज आणि फितीची सरसर यांत यंत्राला फरक कळेना. त्यानं दोन्ही काढायला घेतलं. अम्माचा आवाज रांजणात तोंड घालून बोलावं तसा झाला, आणि बांगड्या मुक्या झाल्या. मणेरणीच्या आवाजातून बांगड्याच गेल्या! आमच्याकडं सुपानं ज्वारी पाखडतात. हात हलका असेल तर फोल उडतं. जोर जास्त झाला की दाणेही कोंबड्यांपुढं जातात. मुलीनं ते सगळं रद्द केलं. बांगड्या नसलेला तुकडा शोधून यंत्राला दाखवला आणि अगदी थोडी सफाई केली. थोडी सरसर राहू दिली. जुनी कॅसेट आहे, तिनं थोडं सरसरलं तर काय बिघडलं?

मग आली शांतता. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, बोलण्यातल्या रिकाम्या जागा ते आपोआप कापून देतं. ऐकणारा आजकाल थांबत नाही म्हणतात. बटण दाबलं, 45 मिनिटांची 33 झाली. आम्ही ऐकलं. बाई कुणीतरी दुसरीच बोलत होती. घाईत, एकामागून एक वाक्यं फेकत. ही माझी आई नव्हे, एवढंच मला कळत होतं. का नव्हे, ते कळत नव्हतं.

ते कळलं मूळ फाइल ऐकल्यावर. अम्मा वाक्याच्या अधेमधे कुठंही थांबायची. ‘मग ती म्हणाली...’ आणि गप्प. तीन सेकंद, चार सेकंद. मग बारीक ‘किण्’, आणि मग ‘...मला काय त्याचं?’ श्रोतेहो, ज्या भगिनींनी मणेराकडून किंवा कासाराकडून काचेच्या बांगड्या भरून घेतल्या असतील त्यांना हे सांगायला नको. बांगडी मनगटात जाताना अंगठ्याच्या खालच्या हाडाशी अडते. तिथं हात दाबावा लागतो, बाईला दुखतं. म्हणून मणेरीण बोलत राहते, बाईचं मन गोष्टीत गुंतवते. आणि नेमकी बांगडी हाडावरून सरकते त्या घडीला स्वतः श्वास धरून थांबते. ती शांतता म्हणजे तिचं काम होतं. पडद्यावर ती सपाट रेघ दिसते. यंत्राला ती रिकामी वाटली, आणि आम्हीही बटण दाबून मोकळे झालो.

मला तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. पहिल्यांदा आकाशवाणीवर गेलो तेव्हा फितीच ब्लेडनं कापायचे. मी पाहिली ती फीत सेकंदाला साडेसात इंच पळायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा शब्द जवळपास चार इंच लांब. तिथले एक वयस्क गृहस्थ फीत हातानं मागंपुढं सरकवत, शब्द कुठं सुरू होतो ते कानानं हेरत, पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करत, तिरपा काप देत आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडत. कापलेले तुकडे गळ्यात अडकवून ठेवत. मी विचारलं, ‘हे फेकत का नाही?’ ते म्हणाले, ‘कार्यक्रम लागेपर्यंत फेकायचं नाही. कधी कधी श्वास परत लावावा लागतो.’ मला तेव्हा गंमत वाटली होती. आता पटलं. माणूस एका वाक्याला श्वास घेतो आणि तो श्वास कापून वाक्य ठेवलं, तर ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो.

तर आमचा तिसरा नियम असा झाला : डोळ्यांनी कापायचं नाही, कानांनी कापायचं. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय झालं’ हे शब्द तीनदा आले तर एकदा ठेवावेत. कुकरची शिट्टी, दारात आलेला पोस्टमन, माझं मधेच खोकणं, हे गेलं तरी चालेल. माझे प्रश्न तर बहुतेक काढले. चोवीस वर्षांच्या कवीचे प्रश्न उत्तरांहून लांब असतात. माझा आवाज माइकजवळ म्हणून मोठा आणि अम्माचा लांबून म्हणून बारीक होता, ते दोन्ही सारखे केले, म्हणजे ऐकणाऱ्याला बटण पिळत बसावं लागत नाही. आणि अम्माच्या थांबण्याला हात लावला नाही. 45 मिनिटांची 38 झाली. मुलगी म्हणाली, ‘आता दादी वाटतेय.’

इथवर सगळं हातकामाचं होतं. खरा पेच पुढं होता.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, गल्लीतल्या बाई उठून गेल्यावर, अम्मा एका गावातल्या एका बाईबद्दल बोलते. तीन मिनिटं वीस सेकंद. मी आजवर पुष्कळ कथा-कविता वाचल्या. इतकं थोडक्यात, इतकं खोल मी क्वचित ऐकलं आहे. मुलगी ऐकून रडली. म्हणाली, ‘अब्बा, हाच आपला पहिला एपिसोड. बाकी सगळं याच्या पुढं-मागं.’

ती गोष्ट काय होती, हे मी आज इथं सांगणार नाही. का, ते ऐका.

त्या तीन मिनिटांच्या शेवटी अम्मा थांबते. या वेळी किणकिण होत नाही. मग ती मला विचारते, आमच्या घरच्या दखनीत, ‘बंद है ना रे वो?’ आणि त्यावर एक तरुण, उत्साही आवाज म्हणतो, ‘हौ अम्मा, बंद है.’

तो आवाज माझा. टेप चालू होता. लाल ठिपका दिसू नये म्हणून मी त्यावर टॉवेल टाकला होता. हे मी साफ विसरलो होतो. एकोणतीस वर्षांनी माझ्याच आवाजानं मला आठवण करून दिली, माझ्या मुलीच्या देखत. तिनं ‘स्पेस’चं बटण दाबून टेप थांबवला. ती मला काही बोलली नाही. मीही तिच्याकडं बघू शकलो नाही.

अम्माचा एक नेम होता. ‘मणेरीण बांगड्या घेऊन जाते, गोष्टी घेऊन जात नाही.’ पंधरा गावांतल्या घराघरांत तिला माजघरापर्यंत वाट होती. बाईमाणूस हात हातात देते तेव्हा बरंच काही सांगते. नवऱ्याला, सासूला जे सांगता येत नाही ते हिला सांगते, कारण ही संध्याकाळी दुसऱ्या गावाला निघून जाणार. भरून झाल्यावर त्या बायका अम्माला नमस्कार करायच्या, हातातला चुडा मान्य केला म्हणून. मुसलमान मणेरणीला पाटलाची सून वाकून नमस्कार करायची. तो नमस्कार अम्मानं तोंड बंद ठेवून कमावला होता. मी हट्ट धरला, ‘अम्मा, एखादी खरी गोष्ट सांग ना,’ म्हणून तिनं एकदाच, फक्त पोटच्या पोराला, ते दार उघडलं. आणि उघडताना विचारलं, बंद आहे ना?

मुलगी दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘नाव आणि गाव कापू. मग कुणाला कळणार?’ शहरात राहणाऱ्याला असं वाटतं. पण हजार-बाराशे वस्तीच्या गावात नाव काढून काय होतं? घरासमोर कसलं झाड होतं, नवरा कुठं कामाला होता, मुली किती, एवढं आलं की गाव ओळखतं. ते सगळं कापलं तर गोष्ट उरत नाही. आणि अम्मानं विचारलेल्या प्रश्नाचं काय? तो कापला की पुरावाच गेला. माझं खोटं बोलणं दीड सेकंदाचं होतं. यंत्रात ते कापायला अर्धा सेकंदही लागला नसता.

त्याच हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, मी एसटीनं त्या गावाला गेलो. गावाचं नाव सांगत नाही. त्या बाई कधीच गेल्या होत्या. त्यांची मुलगी होती, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. मी मणेरणीचा मुलगा म्हटल्यावर तिनं ओट्यावरून मला आत नेलं. ‘मणेरीणमावशी! अहो, माझ्या पहिल्या बांगड्या तिनं भरल्या.’ फोनवर मी तिला अम्माचा आवाज ऐकवला, दुसराच, बांगड्यांच्या भावाबद्दलचा. ती हसली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. मग मी म्हणालो, ‘ताई, यात तुमच्या आईबद्दल थोडं आहे. माझ्या आईनं विश्वासानं सांगितलं आणि मी चोरून टिपलं. ते तुमचं आहे. ऐकायचं असेल तर ऐका, नाही तर तुमच्यासमोर पुसून टाकतो.’

तिनं कानात इअरफोन घातले आणि भिंतीकडं तोंड करून बसली. तीन मिनिटं वीस सेकंद. ती फार लांब होती. मग वळली आणि म्हणाली, ‘आईबद्दल एवढं चांगलं कुणी कधी बोललं नाही, भाऊ. पण हे घरात राहू दे. गावात नको.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘पुसू नका. मला द्या. माझ्या लेकीला ऐकवीन, तिची ती मोठी झाली की.’

मी तो तुकडा तिच्या फोनमध्ये घातला. आमच्या कार्यक्रमातून काढला. मूळ फाइल आमच्याकडं आहे. तिच्या नावापुढं मुलीनं लिहून ठेवलं आहे, ‘हा भाग ऐकवायचा नाही’, आणि कुणाच्या सांगण्यावरून, तेही. निघताना ताईंनी शेरभर हुरडा बांधून दिला. म्हणाल्या, ‘मणेरीणमावशीला ज्वारीच द्यायचो आम्ही.’

आणि हो, गल्लीतल्या त्या बाई, ज्यांच्या हातात बांगड्या भरताना हा आवाज टिपला, त्या अजून आहेत. ऐंशीच्या पुढं. त्यांनाही जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, ‘माझा आवाज? लाव की! त्यात मी भावासाठी भांडलेय का? ते तर मोठ्यानं लाव.’

आता आपण म्हणाल, सगळ्यात चांगला तुकडाच काढला, मग उरलं काय? उरलं ते पुष्कळ होतं. टिपलेल्या आवाजाचा एकच कार्यक्रम करून थांबायचं नसतं, हे मी याच कामात शिकलो. आम्ही 38 मिनिटांतून तो भाग गाळून सहा-सात मिनिटांचे चार तुकडे केले. एक बांगड्यांच्या जातींचा, एक पायी वाटांचा, एक उधारीचा, एक सणांचा. मग सगळं बोलणं लिहून काढलं. तासाभराचं बोलणं हातानं लिहायला चार ते सहा तास लागतात. आजकाल कॉम्प्युटर आपोआप लिहून देतो, तेही करून पाहिलं. अम्माचं मराठी त्यानं बऱ्यापैकी लिहिलं. पण ती मराठीतून दखनीत गेली की त्याची गाडी रुळावरून घसरायची. तिच्या ‘नक्को’चं त्यानं काय काय केलं, ते ऐकून अम्मा पोट धरून हसली असती. शेवटी यंत्राचं लिहिलेलं समोर ठेवून कानानं ओळ ओळ तपासली. त्यातून धंद्यातल्या शब्दांची एक वही झाली. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं, हे नव्या मुलींना त्या वहीतून कळलं. गावातल्या शाळेत आम्ही आवाज ऐकवला आणि मुलांना घरी जाऊन आजीला प्रश्न विचारायला सांगितलं.

याहून कितीतरी मोठं काम आपल्याकडं झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ टिपलेल्या आहेत. ‘परी’ या संकेतस्थळावर त्या आता ऐकायला मिळतात. गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव यांच्यासकट. काही बायकांकडं तर नंतरची मंडळी पुन्हा गेली, भेटली. मला त्यातलं हे पुन्हा जाणं फार मोलाचं वाटतं. आपण आवाज घेऊन येतो, तर परतही जायला हवं.

शेवटी घरच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत पुष्कळांच्या घरी एखादी कॅसेट किंवा फोनमध्ये एखाद्या आजोबांचा आवाज असेल. त्याच्या तीन प्रती करा. दोन वेगवेगळ्या वस्तूंवर ठेवा, एक आपल्या घराबाहेर, बहिणीकडं म्हणा, भावाकडं म्हणा. टिपायला बसाल तेव्हा बोलणं सुरू व्हायच्या आधी मिनिटभर कुणी काही न बोलता खोलीचा नुसता आवाज टिपून घ्या. पुढं जोडकामाला तोच उपयोगी पडतो. कॅसेट असेल तर आज संध्याकाळी तिच्या पाठीवरचे ते दोन दात मोडा. आणि फोन समोर ठेवाल तेव्हा पडदा वर ठेवा, पालथा नको. समोरच्याला दिसू द्या.

परवा मुलीनं मला बसवलं. म्हणाली, ‘अब्बा, आता तुमची पाळी. तुमच्या लहानपणाचं सांगा.’ तिनं फोन माझ्यासमोर सरळ ठेवला, बटण दाबलं आणि मला म्हणाली, ‘अब्बा, चालू आहे हं.’ मी बोलायला तोंड उघडलं आणि दोन मिनिटं मला काही सुचलंच नाही. ती दोन मिनिटं तिनं कापली नाहीत.

इथला लाल दिवाही अजून लागलेला आहे. माझं बोलणं संपलं आहे. आता काचेपलीकडच्या मंडळींचं काम सुरू होईल. त्यांना माझी एवढीच विनंती, की मी जिथं अडलो ते अडणं राहू द्यावं.

नमस्कार.